मासा कोणाचा?

मालवण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "मुलांना गोल बसवून गप्पा मारत राहिलास तर पोर्शन कधी संपवणार?" हा तुझा प्रश्न मी मनावर घेतलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

गप्पांत कुणी कुणाला कारण विचारत नाही. माझ्या वर्गातल्या या गोलात विचारतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. ही पद्धत मॅथ्यू लिपमन यांची. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. तर्कशुद्ध विचाराची सवय लागायला कॉलेजचं वय म्हणजे फार उशीर, असं त्यांना वाटू लागलं. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला त्यांनी मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली. एक गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनी काढायचे, त्यातला एक मुलांनीच निवडायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे लागायचं. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, पण सुटूही द्यायचं नाही. असं का म्हणतोस? उदाहरण दे. हे नेहमीच खरं का?

आता माझ्या सातवीचं सांगतो. नारळी पौर्णिमा झाली, रापणी (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायची मोठी जाळी) सुरू झाल्या, निम्म्या घरांत दुसरा विषय नाही. मुलांनी बहुमताने प्रश्न निवडला: समुद्रातला मासा कोणाचा?

"जो पकडता तेचो," पहिलं उत्तर लगेच आलं. सगळ्यांना पटलंही. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "माझो आजो आता रापण वडना नाय, तरी तेका वाटो गावता. तो कसो?" कुणीतरी म्हणालं, जाळ्यात त्याचा हिस्सा आहे म्हणून. म्हणजे मासा ओढणाऱ्याचा की जाळंवाल्याचा? जाळंवाल्याचा म्हणावं, तर पर्ससीनवाल्यांचं, म्हणजे यांत्रिक बोटींतून प्रचंड जाळं टाकणाऱ्यांचं, जाळंही त्यांचंच आहे, मग आपली माणसं त्यांच्याविरुद्ध मोर्चे का काढतात? इथे आवाज चढले. घरातली भांडणं वर्गात आली म्हण ना. मी एवढंच केलं: बोलण्याआधी आधीच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगायचं, मग आपलं. पहिलं उत्तर देणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पकडता तेचो, पण सगळो नाय. बारकी मासळी रवाक व्हयी." म्हणजे लहान मासळी राहायला हवी. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी कुणाला तरी आठवली, आणि मागून प्रश्न आला, "मगे फुडच्या वर्साचो मासो कोणाचो?"

सांग, हा प्रश्न कुठल्या स्वाध्यायात आहे?

हे सगळं मालवणीत झालं. प्रमाण भाषेतच बोला असा आग्रह धरला असता, तर त्या मुलीने तोंडच उघडलं नसतं. लिहिताना प्रमाण मराठीत लिहू देत, विचार मात्र घरच्या भाषेत मोकळा होऊ दे.

सर्वांत अवघड काम आपलं असतं, थांबण्याचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांचं निरीक्षण करून दाखवलंय की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात. तेच तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून मोजून बघ.

मार्क वाढतात का, हेही विचारलं होतंस. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत या पद्धतीची चाचणी झाली होती. २०१५ च्या अहवालात वाचन आणि गणितात इतर मुलांच्या तुलनेत साधारण दोन महिन्यांच्या शिकण्याइतकी जास्तीची प्रगती दिसली. पुढे याहून मोठी चाचणी झाली, तिच्यात वाचनात फरक आढळला नाही. म्हणून पालकसभेत मी मार्कांचं आश्वासन देत नाही. ऐकून घेणं, कारण देणं, पटलं तर मत बदलणं ही मला शाळेचीच कामं वाटतात, मार्क वाढोत न वाढोत.

पोर्शनचं म्हणशील, तर मी आठवड्याला एकच तास देतो. पाढे, व्याकरण, नकाशे बाकीच्या तासांना नेहमीसारखेच चालतात. आणि सगळेच विषय चर्चेला घेऊ नकोस. ज्याचं उत्तर पुस्तकात आहे त्यावर चर्चा म्हणजे मुलांचा वेळ फुकट.

तुझ्या आठवीत आंबा बागायतदारांची मुलं बरीच आहेत ना? त्यांना प्रश्न काढू दे, तू सुचवू नकोस. फळ्यावर जे येतील ते सगळे जसेच्या तसे मला लिहून पाठव, खोडलेलेसुद्धा. दिवाळीच्या सुट्टीत तू आलास की आपण ते घेऊन बसू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र