संगीत संशयकल्लोळच्या विंगेतल्या दादांना

नमस्कार दादा,

सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात तुमच्या संचाने 'संगीत संशयकल्लोळ'चा प्रयोग केला, त्या दुपारी पडदा उघडायच्या आधी तुम्ही माझ्या मैत्रिणीला रंगमंचावर नेलंत. प्रयोग संपल्यावर आम्ही तुम्हाला भेटायला विंगेच्या दारापर्यंत आलो होतो. पण तुम्ही नेपथ्याचे फ्लॅट उतरवत होतात, बाहेर ट्रक उभा होता आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला प्रयोग होता. अशा वेळी तुम्हाला थांबवणं बरं वाटलं नाही. संस्थेच्या पत्त्यावर खाजगी पत्र टाकता आलं असतं, पण तुम्ही जे केलंत ते दौऱ्यावर फिरणाऱ्या इतर मंडळींनीही वाचावं असं फार वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझी मैत्रीण शाळेत मराठी शिकवायची. काचबिंदूने तिची नजर गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू मधलंही. नाटकाचं वेड मात्र लहानपणापासूनचं, वडिलांच्या मांडीवर बसून नाटकं पाहिलेली ती. नजर गेल्यावर घरच्यांनी तिला रेडिओ दिला, नाट्यगीतांच्या ध्वनिफिती दिल्या, सगळं मायेनेच. पण ती म्हणायची, गाणी ऐकणं वेगळं आणि नाटकाला जाणं वेगळं. म्हणून मी तिला घेऊन जाते. शेजारी बसून कानात सांगत राहते, आता हा आला, आता ती उठली, आता त्याने तोंड फिरवलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात, त्यांचंही चुकत नाही. ती एकदा मला म्हणाली होती, "तू सांगतेस ते सगळं कळतं गं, पण तू सांगून होईपर्यंत लोक हसून मोकळे झालेले असतात."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं होतं. तुम्हाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, तरी त्यावरचा उपाय तुमच्याच हातून झाला.

त्या दिवशी आम्ही सकाळीच घराबाहेर पडलो होतो. देवलांचं नाटक बघायचं तर आधी देवलांच्या गावी जाऊन यायचं, असा तिचा हट्ट होता. हरिपूर सांगलीच्या अगदी लगत. 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली तिथे जन्मले. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि तो पार, ज्याच्यावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिलं असं गावात सांगतात. हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांसाठी हे गाव एकेकाळी नावाजलेलं होतं, २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी गेली. मैत्रीण दगडांवरून हात फिरवत पारावर बसली आणि तिने मला देवलांविषयी सांगायला सुरुवात केली. शाळेत शिकवल्यासारखं नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं. 'संशयकल्लोळ' आधी गद्य होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या नाटकावरून घेतलेलं, आणि त्याच्याही मागे फ्रान्सचा मोलिएर. पण मराठीत आल्यावर ते इतकं इथलं झालं की पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून आली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे महिन्यांवरून, आणि रेवती, कृत्तिका, रोहिणी, स्वाती, मघा ही नक्षत्रं. पदं घालून ते रंगभूमीवर आलं १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीकडून. त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी देवल गेले होते.

"म्हणजे पदांसकट हे नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही," ती म्हणाली. "मनातल्या मनात काय पाहिलं असेल तेवढंच." ती हे अगदी सहज म्हणाली, पण संगमावरून परतताना रिक्षात मी तेच घोळवत होते.

नाट्यगृहावर आम्ही फार लवकर पोचलो. पुढची दारं बंद होती, म्हणून बाजूच्या गेटपाशी सावलीला उभ्या राहिलो. तुमचं सामान आत चाललं होतं. तुम्ही खांद्यावर लेव्हल, म्हणजे रंगमंचावर उंचवटा करायची लाकडी चौकट, घेऊन जाता जाता म्हणालात, "ताई, प्रेक्षकांचं दार पुढे आहे." तिने आवाजाच्या दिशेने वळून विचारलं, "ऑर्गन आणलाय का हो तुम्ही, की कीबोर्डवरच भागवणार?"

तुम्ही थांबलात. "ऑर्गन आहे. बघायचाय?"

आणि मग तिच्या हातातली पांढरी काठी तुमच्या लक्षात आली. अशा वेळी माणसं काय करतात ते मी फार वेळा पाहिलंय. जीभ चावतात, 'सॉरी सॉरी' म्हणतात, नाहीतर तिच्याऐवजी माझ्याशी बोलायला लागतात. तुम्ही यातलं काही केलं नाहीत. लेव्हल खाली ठेवलीत, हात पुसलेत आणि तिलाच म्हणालात, "मग चला की, हात लावून बघा. तिसऱ्या घंटेला अजून भरपूर वेळ आहे." तिचा दंड धरून ओढलं नाहीत, आपलं कोपर पुढे केलंत. हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं की उपजतच कळलं, मला माहीत नाही. दवाखान्यातसुद्धा तिला इतक्या अदबीने कोणी नेलेलं मी पाहिलेलं नाही.

आधी तुम्ही तिला ऑर्गनवाल्यांकडे सोपवलंत. त्यांनी तिला स्टुलावरच बसवलं. खालच्या दोन्ही पायट्या आळीपाळीने दाबायला लावल्या आणि समजावलं की पेटीत भात्याची हवा बाहेर ढकलली जाते, इथे उलट, हवा पितळी पट्ट्यांमधून आत ओढली जाते, म्हणून ऑर्गनचा सूर असा भरलेला आणि सलग लागतो. तिने एक सूर धरून ठेवला. रिकाम्या नाट्यगृहात तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, तेव्हा तबलेवाले हातोडीने तबला लावायचे थांबले. मग ऑर्गनवाल्यांनी सांगितलं की नायक आणि नायिका यांच्या गायच्या पट्ट्या, म्हणजे आधाराचे सूर, वेगळे, त्यामुळे प्रवेशात एकाचं पद संपून दुसरीचं सुरू होताना त्यांना कान टवकारून बसावं लागतं. इतकी वर्षं नाट्यसंगीत ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही हे नवीन होतं. तिने त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि त्यांनी एकाही प्रश्नाचा कंटाळा केला नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पण माझे खरे आभार आहेत ते पुढच्या भागासाठी. तुम्ही तिला विंगेतून रंगमंचावर आणलंत आणि चालवलंत. "हे फाल्गुनरावाचं घर. इथून दार. दारापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत सहा पावलं. रेवतीला भोवळ येते ती इथे. आणि कृत्तिका बघते ती तिकडून, तुमच्या डाव्या हाताला." प्रत्येक जागेवर तिला उभं केलंत. एका ठिकाणी फळी किंचित वाजत होती, तीसुद्धा दाखवलीत. "ही वाजली की समजा फाल्गुनराव आला, कितीही सांगितलं तरी तो इथेच पाय देतो." कपडेपटातल्या बाईंनी रेवतीची शिवलेली नऊवारी तिच्या हाती दिली, काठ कुठे आहेत, कासोटा आतून कसा टाचलाय, सगळं चाचपू दिलं. फाल्गुनरावाची पगडी दिली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि ती हसत होती.

शेवटी तुम्ही खिशातून तसबीर काढलीत, नाटकातला सगळा घोटाळा जिच्यामुळे होतो ती.

तळहाताएवढी, लंबगोल, पितळी रंगाची चौकट. तिने अंगठा आतून फिरवला आणि विचारलं, "काच नाही?" तुम्ही म्हणालात, "काच लावली तर दिवे चमकतात, मागच्यांना चित्राऐवजी झळाळच दिसते." मग तिच्या कानाजवळ ती फळीवर पाडून दाखवलीत. टक् असा कोरडा आवाज आला. "तबल्याच्या बाजूला पडणार. त्या वेळी वाद्यं थांबलेली असतात. नीट कान द्या."

प्रयोग सुरू झाला. नांदी झाली. सवयीने मी तिच्याकडे झुकले तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. भोवळीचा प्रवेश आला, आणि वाद्यांच्या शांततेत ती तसबीर पडली. टक्. आख्ख्या नाट्यगृहात सगळ्यात आधी हसली ती माझी मैत्रीण. लोक अजून बघत होते काय पडलं, कुणाचं पडलं, आणि तिला पुढचं सगळं समजलं होतं, कारण ती वस्तू तिच्या हातात येऊन गेली होती. पुढे फळी वाजली तेव्हा तीच माझ्या कानात म्हणाली, "फाल्गुनराव आला बघ." मी बघितलं, खरंच आला होता.

त्या दिवशी मीही पहिल्यांदाच तिच्याबरोबर पूर्ण नाटक पाहिलं. एरवी माझं अर्धं लक्ष पुढचं काय सांगायचं याच्यात असतं. त्यामुळे कृत्तिका आणि फाल्गुनराव या नवराबायकोची ती भांडणं, एकमेकांना पकडल्याचा दोघांनाही होणारा आनंद, हे मी आजवर असं निवांत पाहिलंच नव्हतं. 'मृगनयना' हे पद सुरू झालं तेव्हा दरबारी कानड्याचा तो पहिला आंदोलित गंधार लागताच आम्ही दोघींनी एकाच वेळी मान हलवली. वन्स मोअर आला. तिने टाळ्यांसाठी हात वर नेले, ते शेवटपर्यंत खाली आणलेच नाहीत.

मध्यंतरात चहा घेताना ती म्हणाली, "या नाटकातल्या सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि सगळे चुकतात. मी तर न बघता बरोबर होते." तिच्या चेहऱ्यावर असा रुबाब मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

दादा, दौऱ्याचं काम किती मारामारीचं असतं ते मला बाहेरून थोडंफार कळतं. रात्रीचा प्रवास, घाटरस्ते, दुपारी दारात ट्रक, चार तासांत घर उभं करायचं आणि रात्री पाडायचं. त्यात दिवे लावणारे शिडीवर, कुणाचं जेवण राहिलेलं, कुणाची झोप. अशा गडबडीत तुम्ही जो वेळ दिलात तो कुठल्याही नाट्यगृहाच्या पाटीवर लिहिलेला नाही, तिकिटात धरलेला नाही. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथल्या रंगमंचावर माझ्या मैत्रिणीचे पाय लागले ते तुमच्यामुळे. हे ती आता भेटेल त्याला सांगते.

तुमच्या संस्थेला आणि इतरही संस्थांना एक विनंती. जाहिरातीत एक ओळ टाका, की ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांनी प्रयोगाच्या तासभर आधी यावं, त्यांना रंगमंच आणि वस्तू हाताळायला मिळतील. जास्तीचा माणूस लागणार नाही, खर्च नाही. संगीत नाटकाला तर असे प्रेक्षक हवेच आहेत, कारण कान देऊन ऐकणारा प्रेक्षक म्हणजे हाच. गावोगावच्या अंधशाळांना आणि संस्थांना कळवलं तर पहिल्या दोन रांगा त्यांच्याच भरतील. सांगली-मिरजेत हे कळवायचं काम आम्ही दोघी करू, तुम्ही फक्त तारीख सांगा.

आणि मैत्रिणीचा निरोप असा: पुढच्या दौऱ्यात 'शारदा' लावा. त्या दिवशी हॉटेलात कुणी जेवायचं नाही. आख्ख्या संचाचं जेवण तिच्या घरी, भाकरी, खरडा, वांग्याची भाजी, आणि पुढच्या प्रवासासाठी भडंगाचे डबे. ऑर्गनवाल्यांना तिला अजून दोन प्रश्न विचारायचे आहेत, तेवढा वेळ मात्र काढून या.

मनापासून आभार.

आपली,
सांगलीची एक प्रेक्षक