मोनोवायची दुसरी व्यक्ती कोण?

‘एका माणसाचे गाव’ हा अमेरिकेतील मोनोवायवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. लेख रंजक आहे, पण २०२० मध्ये तेथील लोकसंख्या ‘दुप्पट झाली’ हे विधान पटले नाही. नेब्रास्का राज्यातील हे शेतकरी गाव १९३०च्या दशकात सुमारे दीडशे वस्तीचे होते. शेतीत यंत्रे आली, शेते मोठी आणि शेतकरी कमी होत गेले, तरुण शहरांकडे वळले. २००० च्या जनगणनेत उरले ते एक दाम्पत्य. पतीच्या निधनानंतर २०१० मध्ये नोंद झाली ती एकाच व्यक्तीची. त्याच बाई महापौर, कारकून आणि गावातील खानावळीच्या मालकीण. म्हणजे मद्यविक्रीचा परवाना मागणाऱ्याही त्या आणि देणाऱ्याही त्याच!

२०२० च्या आकडेवारीतील ‘दोन’ मात्र कुणी नवे राहायला आल्यामुळे झाले नाहीत. नागरिकांची ओळख उघड होऊ नये म्हणून अमेरिकी जनगणना विभाग छोट्या-मोठ्या सर्वच गावांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार करतो. मोठ्या शहरात तो जाणवतही नाही, मोनोवायमध्ये मात्र त्याने एक माणूसच निर्माण केला. लेखात हा खुलासा हवा होता.

– एक वाचक, सातारा