‘धार्मिक वृत्तीच्या गृहिणी’ : निधनवार्तेत एवढेच का उरते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर रोज चार-सहा निधनवार्ता असतात. गृहस्थ गेले असतील तर ते कुठल्या खात्यात होते, कधी निवृत्त झाले, कुठल्या पतसंस्थेचे संचालक होते हे त्यात येते. नव्वदीची बाई गेली की मजकूर ठरलेला : ‘अमुक यांच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार आहे.’ नाव बदलले की हीच वार्ता शेजारच्या घरालाही चालते. दोष वार्ताहराचा नाही. माहिती घेऊन येणाऱ्या मुलाकडेच ती नसते, आणि संध्याकाळच्या आत मजकूर द्यायचा असतो. म्हणून ती आधी कशी जमवावी आणि आपण आपल्या छापील नमुन्यात काय बदल करावा, यासाठी हे पत्र.

सुरुवात नावापासून. त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांचे नाव लग्नात बदलले. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहिले, आणि जुने नाव माहेरीच राहिले. आज ते भाऊ-भावजय आणि एखादी मावसबहीण यांनाच ठाऊक असते, आणि तीही माणसे आता ऐंशीच्या पुढची. वार्तेत फक्त सासरचे नाव आले की माहेरच्या गावात कोणाला कळतच नाही की आपली सोनी गेली. दोन्ही नावे, माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव एवढे छापायला दीड ओळ पुरते.

मग वय. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ‘वय ९२’ असे छापून येते आणि त्याचा आधार असतो आधार कार्ड. नुसते वर्ष सांगितले तर त्या कार्डावर १ जानेवारी पडते. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर तीही बहुधा गुरुजींनी घातलेली तारीख असते. तारीख माहीत नसली तरी तिथी माहीत असते, कारण घरात वाढदिवस तिथीनेच होत. ‘नागपंचमीचा जन्म’ एवढे कळले तर अर्धे काम झाले. उरते वर्ष. जुन्या पत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवावे. जन्म १ जानेवारीपासून पुढचा, म्हणजे साधारण पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन यातला असेल तर ७९. हा एक आकडा चुकला की वय एका वर्षाने सरकते, आणि चूक नेहमी इथेच होते. जन्म अधिक मासातला असेल तर काम आणखी सोपे. अधिक श्रावण १९३९, १९४७, १९५८, १९६६, १९७७, १९८५, २००४ आणि २०२३ साली आला. आई जर ‘धोंड्याच्या श्रावणातली’ असेल आणि तिची थोरली बहीण १९४५ ची व धाकटी १९५० ची असेल, तर १९४७ सोडून दुसरे वर्ष बसतच नाही.

पत्रिका नसेल तर मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. मात्र ‘तुझा जन्म कधीचा?’ असे विचारू नये, ‘तेव्हा तू केवढी होतीस?’ असे विचारावे. कोकणात रामदास बोट बुडाली तो दिवस १७ जुलै १९४७. मुंबईत गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. मराठवाड्यात ‘पोलीस ॲक्शन’, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची कारवाई, म्हटले की सप्टेंबर १९४८. पुण्यात पानशेत धरण फुटले ते १२ जुलै १९६१, सातारा-रत्नागिरीकडे कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, गोव्यात मुक्ती १९ डिसेंबर १९६१. आणि १९७२ चा दुष्काळ सगळ्यांनाच आठवतो, कारण तेव्हाची सुकडी आणि बाहेरदेशाहून आलेली तांबडी मिलो ज्वारी कोणी विसरलेले नाही. ‘तेव्हा परकर नेसत होते’, ‘नुकती न्हाणवलेली होते’, ‘थोरला पोटात होता’ अशी उत्तरे येतात. एका घटनेवर विसंबू नये, निदान दोन जुळवाव्यात. आईच्या सांगण्यात स्वतःचे वय डळमळते, मुलांच्या जन्माचा क्रम सहसा डळमळत नाही, म्हणून थोरल्या अपत्याच्या तारखेपासून मागे जावे.

सहस्रचंद्रदर्शनालाही हाच घोळ. कोणी ८० पुरी झाली की करतात, कोणी ८१ पुरी झाली की. हिशेब साधा आहे : एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवसांनी येते, म्हणून १००० पौर्णिमांना २९,५३० दिवस, अर्थात ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात.

आता ‘धार्मिक’ हा शब्द. गळ्यात तुळशीची माळ घालून रोज हरिपाठ म्हणणारी माळकरी बाई, सोवळ्यात चार तास राबून कुळाचार सांभाळणारी बाई, वसईच्या कॅथलिक घरात संध्याकाळी साऱ्यांना बसवून रोझरी म्हणवून घेणारी आई, पाच वेळची नमाज आणि रमजानचे रोजे न चुकवणारी अम्मी, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ग्रंथवाचन ऐकणारी उपासिका, या सगळ्यांना आपण एकाच शब्दात गुंडाळतो. काय करत होत्या, हे लिहावे. एकादशी करत असतील तर स्मार्त की भागवत? दोन्ही वेगवेगळ्या दिवशी आल्या तर वारकरी घरात भागवत एकादशी धरतात, आणि त्यावरून घराचा संप्रदाय कळतो. वर्षाला २४ एकादश्या, अधिक मास आला की २६. विशीपासून नव्वदीपर्यंत ७० वर्षे धरली आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येणारा अधिक मास हिशेबात घेतला, तर हा आकडा १,७३० च्या आसपास जातो. ‘धार्मिक वृत्तीच्या’ ऐवजी ‘सत्तर वर्षे एकादशी केली’ असे छापले तर वाचणारा क्षणभर थांबेल.

लक्षवातीचे व्रत घ्या. एक लाख वाती म्हणजे रोज १०० वळल्या तर १,००० दिवस, पावणेतीन वर्षे. फक्त चातुर्मासात करायच्या म्हटल्या तर १२० दिवसांत रोज ८३४. शंभराची जुडी बांधून ठेवावी लागते, नाहीतर मोजणी चुकते. कापूस आधी सरकी काढून, पिंजून, हलका करून घ्यायचा. सरकीचा कण राहिला तर वात जळताना तडतडते आणि ठिणगी उडते. कोरड्या बोटांतून कापूस निसटतो, म्हणून बोटांना भस्म लावतात. पीळ फार घट्ट पडला तर तेल वर चढत नाही, ज्योत बारीक होते आणि टोकाला काजळी धरते. सैल राहिला तर वात भसकन जळते, धूर होतो. पावसाळ्यात कापूस दमट झाला की पीळ बसत नाही, म्हणून तो डब्यात बंद ठेवायचा आणि लागेल तेवढाच काढायचा. फुलवातीची गोष्ट आणखी वेगळी : खालचे फूल पसरट हवे, म्हणजे निरांजनात ती कलंडत नाही, आणि वरचे टोक दुधाच्या बोटाने चिमटून ताठ करावे लागते. हे कौशल्य चाळीस-पन्नास वर्षे एखाद्याच्या हातात असते आणि वार्तेत त्याचा मागमूस नसतो, याचे खरेच वाईट वाटते.

‘गृहिणी’ या शब्दाचेही तेच. आठ माणसांच्या घरात माणशी तीन, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ४८ पोळ्या. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या ३५ ते ४० होतात, म्हणजे रोज सव्वा किलो कणीक मळायची. वर्षाला १७,५२० पोळ्या, पन्नास वर्षांत पावणेनऊ लाख. सणाला पुरण. त्याचे गणित आईला तोंडी सांगता येत नाही, कारण ते हातात असते. एक किलो हरभराडाळीला पाऊण ते एक किलो गूळ हे कुणीही सांगेल. खरी मेख आहे ती गूळ कधी घालायचा यात. डाळ बोटचेपी शिजण्याआधी गूळ पडला तर ती पुढे कितीही आटवली तरी मऊ होत नाही, पुरणात कणी राहते आणि लाटताना तीच कणी पोळी फोडते. कट नीट निथळला नाही तर पुरण सैल होते आणि पोळी तव्यावर फुटते, मग पुन्हा आटवत बसावे लागते. उलथने मधोमध उभे राहिले की झाले. वाटायचे ते गरम असतानाच, थंड झाल्यावर पुरणयंत्राचा दांडा फिरत नाही.

हे उतरवून घ्यायचे तर एक युक्ती आहे. आईला प्रमाण विचारू नये. ती डाळ, तांदूळ, मीठ ज्या डब्यातून घेते त्याचे वजन तिने हात घालण्याआधी आणि नंतर करावे. फरक म्हणजे तिचा ‘अंदाज’. तिने जुनी मापे सांगितली तर कोष्टक असे : दोन चिपटी एक मापटे, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. ही मापे आकारमानाची आहेत, म्हणून पायलीभर तांदळाचे आणि पायलीभर पोह्यांचे वजन सारखे भरत नाही. पायलीचे सरसकट किलो करणारे इथेच फसतात.

विचारपूस एका बैठकीत उरकू नये. अर्ध्या-पाऊण तासाच्या चार बैठका, त्याही सकाळी, न्याहारीनंतर. दिवस मावळला की या वयात दमणूक होते आणि नावे अडखळतात. पंखा बंद, आवाज टिपणारा फोन तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. ओव्या येत असतील तर ‘म्हणून दाखव’ म्हणण्याऐवजी हाताला काही काम द्यावे, जाते नसेल तर निवडायचे सूप तरी. हात हलला की ओवी येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या अशाच घराघरांतल्या बायकांच्या तोंडच्या.

आणि ‘वृद्धापकाळाने’. हा शब्द शेवटची दहा वर्षे झाकून टाकतो. ऐंशीनंतर व्रत चालू ठेवायचे तर घराला ते नव्याने बसवावे लागते. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन पोट रिकामे राहिले की साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे म्हणतात, ‘उपवासाने थकली.’ लघवी वाढवणारी गोळी चालू असताना निर्जळी केली तर उठताना चक्कर येते आणि खुब्याचे हाड मोडते. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी, आपल्या मनाने गोळी बंद करू नये. आई ऐकत नसेल तर तिच्याच परंपरेतले वचन तिला सांगावे : पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि’ या श्लोकात ते स्पष्ट आहे आणि डॉक्टरांपेक्षा या श्लोकाचे वजन तिच्याकडे जास्त असते. देव्हारा जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणावा, म्हणजे मांडी घालून उठण्याची धडपड वाचते. समईच्या वरून हात न्यावा लागेल अशी फुलांची परडी पलीकडे ठेवू नये. पदर पेटतो तो तिथेच. हे सगळे ज्या सुनेने किंवा लेकीने केले, तिचे नाव ‘सुना’ या अनेकवचनात विरून जाते. ‘अखेरची आठ वर्षे धाकट्या सुनेने सांभाळ केला’ हे वाक्य वार्तेत शोभेल, आणि ते खरेही असेल.

आता आपल्याकडे मागणे. निधनवार्तेच्या नमुन्यात चार रकाने वाढवावेत : माहेरचे नाव व गाव, जन्मतिथी व तिचा आधार, नेमाने केलेली उपासना, आणि हातची एक कला. शेवटच्या रकान्यात ‘सुगरण’ चालणार नाही, पदार्थाचे किंवा कामाचे नाव हवे, असे खाली बारीक अक्षरात छापावे. कोणी भरले नाही तर जुना मजकूर आहेच. पहिल्या रात्री घरची माणसे हे लिहिण्याच्या स्थितीत नसतात, म्हणून तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला, अन्य धर्मीयांच्या घरात त्यांच्या रीतीच्या दिवशी, शंभर शब्दांची दुसरी वार्ता बातमीच्या पानावर विनामूल्य घ्यावी. श्रद्धांजलीच्या जाहिरातीचा दर सेंटिमीटरवर असतो आणि तो परवडत नाही म्हणूनच पुष्कळ घरे फोटो आणि तारीख एवढ्यावर थांबतात.

आपली एक नियमित वाचक,
पुणे