आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: नुसत्या यंत्राने हाडे वाचणार नाहीत

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र जिल्हा रुग्णालयात बसवू, असा शब्द आमच्या जिल्ह्याला मिळाला होता. यंत्र आले नाही. खुबा मोडलेल्या बायका मात्र येतच आहेत आणि त्यांच्या नातेवाइकांना तोंड आम्ही डॉक्टर देतो, मंत्रालय देत नाही.

यंत्र हवेच. पण त्याच्या आधीचे काम कोणी करायचे? प्रौढ हाडातल्या 90 ते 95 टक्के पेशी ऑस्टिओसाइट असतात. वर्षानुवर्षे जगणाऱ्या या पेशी सूक्ष्म नलिकांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. भार कुठे पडला, बारीक तडा कुठे गेला, हे त्यांनाच कळते. त्या मेल्या की शेजारच्या पेशींतून रँकल हे प्रथिन वाढते आणि हाड पोखरणारे ऑस्टिओक्लास्ट तिथे गोळा होतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, तेव्हा हे मरण वाढते. स्टिरॉइडने तर फारच. 1998 च्या प्रयोगात उंदरांना 27 दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा हाडाच्या कठीण थरातल्या 28 टक्के ऑस्टिओसाइट मरणपंथाला लागल्या होत्या.

डेक्सा खनिज मोजते, मेलेली पेशी त्यात दिसत नाही. स्टिरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच, घनता फारशी उतरण्याआधी, मणका दबू शकतो. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.5 या ठिसूळ हाडांच्या रेषेपर्यंत घसरण्याची वाट पाहायची कशाला?

आणि स्टिरॉइड मिळते कुठे? सांधेदुखीच्या कागदी पुडीत. त्यातली डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी म्हणजे सुमारे 3.3 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने घेणाऱ्याच्या हाडांची तपासणी व्हायला हवी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. औषध अनुसूची 'एच'मधले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचे, तरी चिठ्ठीविना विकले जाते. औषधविक्रीवर लक्ष ठेवणारे खाते वेगळे आहे, हे उत्तर आम्हाला नको. पेशंट एकच आहे.

स्टिरॉइड घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद बाह्यरुग्ण विभागात पहिल्याच भेटीत व्हावी. आहार धरून रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 600 ते 800 युनिट ड जीवनसत्त्व मिळावे. चाळिशीपुढच्या, धोका मध्यम किंवा जास्त असलेल्यांना मूत्रपिंड आणि रक्तातले कॅल्शियम तपासून हाडांची झीज रोखणारे अ‍ॅलेंड्रोनेट आठवड्याला 70 मिलिग्रॅम मोफत द्या. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे गोळी हातात देतानाच सांगितले पाहिजे. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, लगेच आडवे झाले तर अन्ननलिका सोलवटते. पुडीवाल्याचे स्टिरॉइड घाबरून एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. डोस उतरवत नेण्याची लेखी सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली पाहिजे.

खुबा मोडल्यावर शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आहे. तो मोडू नये म्हणून लागणारी गोळी आमचे रुग्ण बाहेरून विकत आणतात. ही व्यवस्था कोणी ठरवली, याचे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे, यंत्राच्या तारखेसह.

आपले,
जिल्ह्यातील अस्थिरोग व औषधवैद्यक डॉक्टर