स्नेहमेळाव्याची वर्गणी ठरवताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की महाविद्यालयीन स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो आणि एकसारखे फेटे बांधलेल्या माजी विद्यार्थ्यांची सामूहिक छायाचित्रे आपल्यासह सर्वच दैनिकांत छापून येतात. त्या छायाचित्रांत जे नसतात, त्यांच्यापैकी किती जण केवळ वर्गणी न परवडल्यामुळे घरी राहिले, हे मात्र कोणालाच कळत नाही. आयोजकांनाही नाही, कारण ‘पैसे नाहीत’ असे कोणी सांगत नसते. घरात कार्य निघते, गुडघे दुखू लागतात, नातवाची परीक्षा आडवी येते.

१०+२+३ या आकृतिबंधाच्या पहिल्या तुकडीतले आम्ही विद्यार्थी. १९७५ साली दहावी, १९७७ साली बारावी आणि १९८० साली सोलापुरातून बी.कॉम. झालो; आज सगळे सदुसष्टीच्या आसपास आहोत. वर्गातले काही जण राष्ट्रीयीकृत बँकांत लागले, काही सनदी लेखापाल होऊन पुण्या-मुंबईत स्थिरावले आणि उरलेले सोलापुरातच कापड दुकानांत, सूतगिरणीत, पतसंस्थेत हिशेब लिहीत निवृत्त झाले. पहिल्या दोन गटांना निवृत्तिवेतन किंवा व्यवसायाचे उत्पन्न आहे. शेवटच्या गटातल्या अनेकांना मिळते ते ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेचे पेन्शन, ज्याची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली, ती आजतागायत तेवढीच. अशा वर्गाच्या मेळाव्याची वर्गणी माणशी साडेचार हजार आणि जोडीने आल्यास नऊ हजार ठरली, तेव्हा ती कोणाचा खिसा डोळ्यांसमोर ठेवून ठरली, हे विचारणे मला गैर वाटत नाही.

स्थळ ठरले लोणावळ्याचे एक रिसॉर्ट, कारण ते म्हणे ‘मध्यवर्ती’ आहे. मुंबईकर आणि पुणेकरांना ते मध्यवर्ती असेलही. सोलापूरकरांना मात्र आपल्याच गावच्या महाविद्यालयाच्या मेळाव्यासाठी तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. हा प्रवासखर्च वर्गणीत धरलेला नसतो. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के अशी रेल्वेची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अद्याप पूर्ववत झालेली नाही. एसटीत पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धे तिकीट आहे खरे, पण स्थानकापासून रिसॉर्टपर्यंत रिक्षावाला मागेल तेवढे द्यावेच लागतात. त्यातच फेटे, एकाच रंगाच्या साड्या, ड्रोनचे चित्रीकरण, निवेदक, स्मृतिचिन्हे असा खर्च वाढत जातो. चार तासांच्या गप्पांसाठी ड्रोन कशाला लागतो, हे मला अजून उमगलेले नाही.

रकमेपेक्षाही वसुलीची पद्धत अधिक बोचते. व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी नावांची यादी पडते. पैसे भरलेल्यांच्या नावापुढे हिरवी खूण आणि उरलेल्यांच्या नावापुढे कोरी जागा. खुणा वाढत जातात तशी कोरी जागा अधिक ठळक दिसू लागते आणि एके दिवशी त्यातला एखादा गट सोडून जातो. ‘ज्यांना अडचण असेल त्यांनी खासगीत कळवावे, आपण सांभाळून घेऊ’ असा संदेश आमच्याही गटावर आला होता. त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु ज्याच्याशेजारी बाकावर बसून परीक्षा दिली, त्याच्याकडे या वयात सवलतीचा अर्ज करायला कोण जाईल? पतीच्या पश्चात मुलाच्या संसारात राहणाऱ्या वर्गभगिनींची अडचण याहून अवघड असते, कारण त्यांना आधी मुलाकडे शब्द टाकावा लागतो.

आयुष्यभर काटकसर केली, आता तरी मनासारखा खर्च करू द्या, असे काही मित्र म्हणतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त तो खर्च सगळ्यांवर लादू नये. मेळावा महाविद्यालयाच्याच सभागृहात दिवसभर घ्यावा, जेवण साधे ठेवावे आणि वर्गणी एवढी असावी की ती भरताना कोणाला घरात विचारावे लागू नये. अधिक देण्याची ऐपत असलेल्यांनी ते नाव न लावता सामाईक निधीत द्यावे, आणि ज्यांना पुढे मुक्कामी सहलीला जायचे असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने खुशाल जावे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र विचार होत असल्याने महाविद्यालयेही रविवारी सभागृह द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत. शिवाय आमचे हयात असलेले प्राध्यापक ऐंशीच्या पुढचे आहेत आणि सोलापुरातच राहतात. लोणावळ्यात त्यांचा सत्कार पडद्यावर व्हिडिओ कॉल लावून झाला; शाल मागाहून कुरिअरने पाठवली. रिक्षाने दहा मिनिटांत जे सभागृहात येऊ शकले असते, त्यांच्यासाठी ही व्यवस्था!

आपल्याला एक विनंती आहे. मेळाव्याची बातमी छापताना स्थळ, उपस्थिती आणि सत्कारमूर्तींच्या नावांबरोबरच माणशी वर्गणी किती होती, हेही आयोजकांकडून विचारून एका ओळीत द्यावे. पुढच्या वर्षी मेळावा भरवणाऱ्यांना आकडा ठरवताना त्या ओळीचा उपयोग होईल.

कळावे.
आपला नम्र,
१९८० चा एक वाणिज्य पदवीधर, सोलापूर