बोगदा हिवाळ्यात बंदच हवा

आपल्या रविवार पुरवणीत ब्रिटनमधील वाय नदीच्या खोऱ्यातील सायकलप्रवासावर आलेला लेख आवडला. मात्र टिडनम बोगदा हिवाळ्यात बंद ठेवणे ही ‘सायकलस्वारांची अडवणूक’ आहे, हे त्यातील मत पटले नाही. १९५९मध्ये प्रवासी गाड्या थांबलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर २०२१मध्ये ही सायकलवाट खुली झाली. तिच्यावरचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा हा बोगदा ऑक्टोबर ते मार्च बंद असतो, कारण आत ‘लेसर हॉर्सशू’ या छोट्या जातीची वटवाघळे शीतनिद्रेत असतात. या काळात ती साठवलेल्या चरबीवर तगून राहतात. दिव्यांनी वा आवाजाने वारंवार जाग आली, तर तो साठा वसंतापूर्वीच संपू शकतो. चिमूटभर वजनाच्या जिवाला तो भरून काढायला हिवाळ्यात कीटक तरी कुठून मिळणार?

शिवाय सायकलस्वाराची वाट काही खुंटत नाही. चेपस्टोहून सेंट आरव्हन्सचा चढ चढून ए-४६६ रस्ता दाट झाडीतून टिंटर्नला उतरतो. ११३१मध्ये स्थापन झालेल्या मठाचे भग्नावशेष तिथे रस्त्यालगतच उभे आहेत. पुढे लँडोगो, रेडब्रुक ही नदीकाठची गावे लागतात. पानगळीनंतर झाडांआडून नदीही अधिक दिसते. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, हे खरे. म्हणूनच लेखात बोगद्याबद्दल तक्रार करण्याऐवजी या रस्त्यावर वाहनांची वेगमर्यादा कमी करण्याची मागणी असती, तर मी तिला मनापासून पाठिंबा दिला असता.

– एक सायकलप्रेमी वाचक