जूनमधला समुद्र

पाचपाखाडी, ठाणे
१८ फेब्रुवारी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पत्रिका पोचली. आईने ती आधी देवासमोर ठेवली, मग चष्मा लावून सगळी वाचली, अगदी आमंत्रकांच्या नावांसकट. फार आनंद झालाय रे तिला. मलाही.

परवा फोनवर म्हणालास, "मुग्धाला समुद्र हवाय, ऊन हवंय आणि पाण्यात उतरता आलं पाहिजे. हनिमूनची जागा तू सुचव." आता नेरूळहून इकडे येऊन निवांत बसायला तुला सवड मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या यादीतली गोवा, अंदमान, मालदीव ही तिन्ही ठिकाणं सुंदर आहेत. पण लग्न मेअखेर, मग सत्यनारायण, मग जेजुरी. म्हणजे निघायला जूनचा मध्य उजाडणार. अंदमानात पाऊस मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो, गोव्यात तो नुकताच सुरू झालेला असतो, आणि मालदीवमध्येही मे ते ऑक्टोबर पावसाळी हंगाम. तेव्हा तिथले दर उतरतात म्हणून एजंट गळ घालतील. रोज दिवसभर पाऊस कोसळतो असं नाही, पण मुग्धाला हवंय ते ऊन मिळेलच याची खात्री कोण देणार? तारकर्ली माझी सगळ्यात लाडकी, पण जूनमध्ये तिथला समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारीही बंद असते. तिथे नोव्हेंबरात जा. पनवेलला कोकण रेल्वेची गाडी पकडा, कुडाळला उतरा.

जूनसाठी माझं मत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला, त्रिंकोमालीला. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस कोलंबो-गालेच्या बाजूला आणि मधल्या डोंगरांवर पडून जातो, पलीकडचा किनारा कोरडा राहतो. महाबळेश्वरला धो धो चालू असताना खाली वाईत जेमतेम भुरभुर असते ना, तसंच. त्रिंकोमालीचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत. त्यामुळे आपल्याकडे छत्र्या निघतात तेव्हा तिथल्या निलावेली आणि उप्पुवेली या किनाऱ्यांचं पाणी शांत असतं. हॉटेलवाले याच दिवसांना सीझन म्हणतात.

अनघा आणि मी लग्नानंतर निलावेलीलाच गेलो होतो, तेही जुलैत. सकाळी किनाऱ्यावर कोळी रापण ओढत होते. दोन रांगा, मध्ये लांबलचक दोर, एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी मागे रेलून पाय वाळूत रोवायचे. जाळं जवळ आलं तसं पाणी चंदेरी होऊन उसळायला लागलं. अनघा कधी दोराला हात लावायला गेली ते मला कळलंसुद्धा नाही. कोणी अडवलं नाही, एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून तिला जागा करून दिली. पाणी इतकं उथळ आणि संथ की पोहता न येणारी अनघा कमरेएवढ्या पाण्यात तासभर निर्धास्त उभी होती. तुलाही पोहता येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

समोरच पिजन आयलंड आहे. होडीने थोड्याच वेळात पोचता. लाइफ जॅकेट घालून डोकं पाण्यात घातलंत की प्रवाळ आणि मासे दिसतात. प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका, ते जिवंत असतं. याच महिन्यांत त्रिंकोमालीच्या समुद्रात देवमासेही दिसतात. कोनेश्वराचं देऊळ कड्यावर आहे, तुझ्या आईला तिथला प्रसाद आणलास तर त्यांना बरं वाटेल.

अडचणीही सांगतो. कोलंबोहून गाडीने सहा-सात तास लागतात, तेव्हा लग्नाच्या दगदगीनंतर वाटेत सिगिरियाला मुक्काम करा. दुपारी ऊन भाजून काढतं. बारा ते चार खोलीतच बरं. आणि रात्रीची चहलपहल हवी असेल तर ही जागा नव्हे. तसं असेल तर बाली. जूनमध्ये तिथे कोरडा हंगाम असतो, पण तिथल्या कुटा किनाऱ्याच्या लाटा जोरकस, म्हणून राहायला सानूर किंवा नुसा दुआ बघ. खर्च वाढेल. हनिमूनसाठी कर्ज काढू नकोस रे. घराचा हप्ता आहेच, आणि पहिलं वर्ष तुम्हा दोघांना मोकळ्या मनाने जगता यावं असं मला फार वाटतं.

एक काम आजच कर. मुग्धाचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट त्याच नावाने काढायचं. लग्नानंतर लगेच पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं काही नाही, पण दोन्हीकडे नाव एकच हवं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं याच कारणामुळे विमानतळावरून परत आलं. दोघांच्या पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरलेली हवी. श्रीलंकेचा ईटीए, म्हणजे तिथे जायची परवानगी, निघण्यापूर्वी ऑनलाइन काढून ठेव.

आणि हे सगळं मुग्धाला वाचून दाखव. तिला दुसरीच जागा आवडली तर तीच धरा, मी नव्याने माहिती काढतो. रजा किती मिळतेय ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे अनघा आणि मी बसून दिवसांचं गणित मांडून देतो.

काका-काकूंना नमस्कार, मुग्धाला आमच्या दोघांकडून खूप शुभेच्छा.

तुझा,
निखिल